एक लेखणी, अनेक विद्याशाखा : बाबासाहेब इंग्रजीत कसे लिहीत?



रविवारच्या वंदनेनंतर आपण चहाला थांबतो, तेव्हा मुलांच्या अभ्यासाच्या गोष्टी निघतात. आपल्यातल्या कितीतरी घरांत विद्यापीठाची पायरी चढणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. मागच्या महिन्यात एक ताई सांगत होत्या. त्यांच्या मुलीच्या इतिहासाच्या निबंधाला चांगले गुण मिळाले. त्याच धाटणीने तिने अर्थशास्त्राचा निबंध लिहिला, तर तो लाल शेऱ्यांनी भरून परत आला. गोष्ट फार, आकडे कमी, असा त्या शेऱ्यांचा अर्थ होता. मग कायद्याच्या एका विषयात तिने आकडे घातले, तर तिथे विचारले, कलम कुठे आहे? पोरगी घरी येऊन म्हणाली, मला इंग्रजीत लिहिताच येत नाही. आणि ताई आम्हाला विचारत होत्या, आता मी तिला काय सांगू?

तुमच्याही घरात असे झाले असेल. म्हणून या अंकात बाबासाहेबांचे चरित्र थोड्या वेगळ्या वाटेने सांगतो. महाडचे पाणी, नाशिकचे मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी हे आपल्याला पाठ आहे. आज त्यांच्या टेबलावर जाऊ. एकाच माणसाने मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, इतिहास आणि धम्म या पाच क्षेत्रांत इंग्रजीतून लिहिले आणि प्रत्येक ठिकाणी त्याची लेखणी वेगळी चालली. ती कशी चालली हे पाहिले, की त्या मुलीला काय सांगायचे ते आपोआप सापडेल.

न्यूयॉर्क : आधी सगळे वाचले

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती हाती असलेले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहिली तर डोळे विस्फारतात. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती. पण या यादीमुळे एक झाले. वेगवेगळ्या विभागांतली माणसे कसा विचार करतात, कशाला पुरावा मानतात आणि कशाला नुसते मत म्हणतात, हे त्यांनी तिथे बसून ऐकले. अर्थशास्त्रात सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई, मानववंशशास्त्रात गोल्डनवायझर असे त्यांचे शिक्षक होते.

जातीवरचा पहिला निबंध, आणि त्यात नसलेला 'मी'

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास असा त्याचा विषय. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

समोर कोण बसले होते ते लक्षात घ्या. जात म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिलेले नाही, असे अमेरिकन विद्यार्थी आणि अध्यापक. म्हणून बाबासाहेब सुरुवात करतात ती प्रदर्शनांपासून आणि पॉम्पेईच्या अवशेषांपासून. तिथला वाटाड्या जसा पाहुण्यांना अवशेष दाखवतो, तसा मानववंशशास्त्राचा विद्यार्थी मानवी संस्था दाखवतो, अशी ते तुलना करतात. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीचा हात धरून त्याला अनोळखी गोष्टीकडे नेतात.

त्यानंतर ते आधीच्या विद्वानांकडे वळतात. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले मराठी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, अशा चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून घेतात. कोणाचे काय बरोबर, कोणाचे काय सुटले, हे शांतपणे दाखवतात. मग स्वतःचा मुद्दा मांडतात : जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न करण्याचे बंधन. हे बंधन टिकवायचे तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा आधी मेला तर विधवा उरते, बायको आधी मेली तर विधुर उरतो. या उरलेल्या माणसांचे काय करायचे, या प्रश्नातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथांचा उलगडा ते करतात. शेवटी, आपले म्हणणे टिकत नाही असे कोणी दाखवले तर ते सोडायला मी तयार आहे, असेही सांगून टाकतात.

आता या निबंधात काय नाही ते पाहा. साताऱ्याहून कोरेगावला वडिलांना भेटायला निघालेला नऊ-दहा वर्षांचा भिवा त्यात नाही. मसूर स्टेशनवर जात कळताच मागे सरकलेला स्टेशनमास्तर नाही, बैलगाडीचा तो प्रवास नाही, रात्रभराची तहान नाही. हे सगळे सोसलेला माणूसच तो निबंध वाचत होता. पण त्या विद्याशाखेची रीत होती, की आधीच्या अभ्यासकांशी बोला, व्याख्या करा, कारण आणि परिणाम जोडून दाखवा. त्यांनी ती रीत पाळली आणि त्याच रीतीने जातीचे पोट फाडून दाखवले.

ती तहान त्यांनी पुढे लिहिली, पण दुसऱ्या ठिकाणी. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात मसूरचा प्रसंग आहे आणि बडोद्यात पारशी खानावळीतून बाहेर काढले गेल्याचा प्रसंगही आहे. तेही परदेशी वाचकांना समजावे म्हणूनच लिहिलेले. तिथे आकडा नाही, व्याख्या नाही, फक्त घडले ते सांगितले आहे. हे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. आज कोलंबिया विद्यापीठातच ते विद्यार्थ्यांना वाचायला देतात.

एकच माणूस, एकच जात. एका लेखनात 'मी' पूर्ण बाहेर, दुसऱ्यात 'मी' हाच पुरावा. तुमच्या मुलाला शिक्षकांनी निबंधातला 'मी' काढून टाकायला सांगितला, तर त्याचा अनुभव खोटा ठरत नाही. त्या अनुभवाची जागा दुसरीकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अर्थशास्त्र : तक्त्यांची आणि टप्प्यांची भाषा

अर्थशास्त्रात शिरताच बाबासाहेबांचे वाक्य बदलते. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर लिहिले. पीएच.डी.चे काम पुढे १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग यांनी 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' या विषयावरचे पुस्तक म्हणून छापले. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पण सयाजीराव महाराजांना आहे.

या पुस्तकात १८३३ ते १९२१ हा काळ आहे. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जाई, हा प्रश्न. बाबासाहेब त्याचे टप्पे पाडतात. आधी केंद्राने प्रांताला ठरावीक रक्कम नेमून द्यायची, मग काही महसूल प्रांताच्या नावे करायचे, मग महसुलात वाटा ठेवायचा. प्रत्येक टप्प्याला वर्षे आहेत, आकडे आहेत, तो टप्पा का मोडला याचे कारण आहे. वाचकाला रडवायचे नाही, हसवायचे नाही. हिशेब वाचून त्याने स्वतःच म्हणावे, की कर देणाऱ्याच्या हाती सत्ता नसेल तर वाटणी कितीही बदला, न्याय होणार नाही.

१९१८ मध्ये, मुंबईत परतल्यावर, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते, जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे किती? लहान कशाच्या मानाने? शेत हा धंदा आहे. त्यात जमीन, माणसे आणि भांडवल यांचे प्रमाण बसायला हवे. नांगर, बैल आणि अवजारे यांच्या मानाने पाहिले, तर आहे ती जमीनसुद्धा जास्तच ठरते, असे त्यांनी आकड्यांतून दाखवले. खरे दुखणे म्हणजे शेतीवर बसून राहिलेली जास्तीची माणसे. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय होता औद्योगिकीकरण. एक शब्द पकडायचा, त्याची व्याख्या तपासायची आणि मग अख्खा प्रश्न उलटा करून ठेवायचा, ही अर्थशास्त्रातली त्यांची खास पद्धत.

त्याच सुमारास त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या समाजरचनेवरच्या पुस्तकाचे परीक्षण केले. ते वाचले तर वाटते, हे वेगळ्याच माणसाने लिहिले की काय! तिथे तक्ते नाहीत. रसेल यांना नेमके काय म्हणायचे आहे, भारतीय वाचक त्यांचा चुकीचा अर्थ कुठे लावतील, शक्ती आणि हिंसा यांत फरक काय, असे तत्त्वज्ञानाच्या बारकाव्यांनी ते पुढे जातात. परीक्षणात आधी दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडायचे असते, मग आपले. बाबासाहेबांनी तसेच केले.

लंडन : परत आलेला प्रबंध

आता त्या मुलीला सांगण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. १९२२ च्या जूनमध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला.

तो स्वीकारला गेला नाही.

ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. कारण काहीही असो, डोक्यावर कर्ज, घरी रमाई आणि मुले, हातात पैसे नाहीत, आणि प्रबंध परत आलेला. बाबासाहेब मुंबईला आले. तिथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, १९२३ च्या ऑगस्टमध्ये परत दिला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना पदवी मिळाली. वर्ष संपायच्या आत तो ग्रंथरूपाने बाहेरही पडला, आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला.

त्या ग्रंथात काय आहे? मुघल काळापासूनची चलनाची हकीकत आहे, भावांचे आणि विनिमय दरांचे तक्ते आहेत. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या विद्वानाने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यावर नाव घेऊन केलेली टीका आहे. परदेशी व्यापाऱ्याला विनिमय दर स्थिर हवा असतो, पण गरिबाला बाजारातला भाव स्थिर हवा असतो, हा त्यामागचा कळीचा विचार. भाव वाढतात तशी मजुरी लगेच वाढत नाही, मधल्यामध्ये मजूर भरडला जातो. गिरणगावच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पण ग्रंथात चाळ नाही, तक्ता आहे. चाळीतले दुःख त्यांनी तक्त्याच्या भाषेत उतरवले, म्हणून ते सरकारच्या दारात पोचले. १९२५ मध्ये भारतीय चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांची साक्ष झाली.

आणखी एक गोष्ट. या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि तिच्यात आपला काही बाबतींत मतभेद असल्याचे उघड सांगितले. बाबासाहेबांनी ती तशीच छापली. शिवाय कॅनन यांनी आपल्या मांडणीची कठोर तपासणी केली म्हणून अनेक चुका टळल्या, अशी कृतज्ञताही नोंदवली. लाल शेरे मारणारा प्रत्येक शिक्षक शत्रू नसतो, हे यातून आपण शिकावे.

कायदा : एका शब्दाचे वजन

कायद्याच्या लेखनात तर्काचा प्रवास दिसत नाही, फक्त मुक्काम दिसतो. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्याची मांडणीच राज्यघटनेसारखी आहे : कलमे, पोटकलमे आणि सोबत स्पष्टीकरणाच्या टिपा. घटना समितीपुढे मागणी करायची, तर मागणीचे रूपही घटनेचे असावे, ही त्यामागची समज.

पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १९४८ च्या मसुद्यात ३१५ कलमे होती, शेवटी ती ३९५ झाली. सभासदांनी हजारो दुरुस्त्या सुचवल्या. अशा लेखनात सुंदर वाक्य उपयोगाचे नसते. उद्या कोर्टात उभा राहणारा वकील त्यातून पळवाट काढू शकेल का, हा एकच प्रश्न असतो. अस्पृश्यता संपवणारे सतरावे कलम पाहा. अवघ्या काही ओळींचे आहे. ती नष्ट केली, तिचे पालन कोणत्याही रूपात निषिद्ध, आणि तसे करणे हा गुन्हा. अस्पृश्यता म्हणजे काय याची व्याख्या तिथे दिलेलीच नाही. ज्या माणसाने या विषयावर आयुष्यभर शेकडो पाने लिहिली, त्याच्या देखरेखीखाली ते कलम इतके थोडक्यात आटोपले.

इतिहास : कुठे खात्री, कुठे अंदाज

१९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते यावरचा त्यांचा ग्रंथ आला, जोतीराव फुल्यांना अर्पण केलेला. १९४८ मध्ये अस्पृश्य मूळचे कोण यावरचा ग्रंथ आला, नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलेला. इथे अडचण निराळी होती. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांनी स्वतः कागद मागे ठेवलेले नाहीत. दुवे तुटलेले आहेत. मग अभ्यासकाने काय करायचे?

बाबासाहेब प्रस्तावनेतच वाचकाशी सरळ बोलतात. आपण संस्कृत पंडित नाही ही हरकत ते स्वतःच पुढे आणतात आणि तिला उत्तर देतात. पुरावा तुटतो तिथे अभ्यासकाने कामचलाऊ गृहीतक बांधावे, पण खात्रीचे कोणते आणि संशयाचे कोणते हे वेगळे ठेवावे, अशी भूमिका घेतात. जुने ग्रंथ, प्रवासवर्णने, शरीरमापनाचे आकडे असे मिळेल ते पुरावे तपासतात. त्यांच्या काही निष्कर्षांवर आज अभ्यासक वाद घालतात. घालू द्या. त्यासाठीच तर त्यांनी पायऱ्या उघड्या ठेवल्या. इतिहासात हा प्रामाणिकपणा हीच शैली असते.

याच्या उलट 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण मंडळाने होऊ दिले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले, १५०० प्रती. जातीच्या लग्नबंधनाचा १९१६ चा विचार त्यातही आहे. पण आता समोर चर्चासत्र नाही, सुधारक म्हणवणारे सवर्ण हिंदू आहेत. म्हणून इंदूरजवळच्या बलाई लोकांवर लादलेली बंधने येतात, जयपूर संस्थानातल्या गावी जेवणात तूप वाढले म्हणून झालेला हल्ला येतो, थेट प्रश्न येतात. एकच विचार, वीस वर्षांनी, वेगळ्या श्रोत्यांपुढे, पूर्ण वेगळ्या आवाजात.

धम्म : तळटीप नसलेला ग्रंथ

आणि शेवटी आपल्या प्रत्येकाच्या घरी असलेला ग्रंथ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. तो उघडून पाहा. खंड, भाग, क्रमांक दिलेली छोटी छोटी वाक्ये. तळटिपांचे ओझे नाही. ज्या माणसाने रुपयावर लिहिताना पानोपानी आधार दिले, त्याने इथे ते का दिले नाहीत?

बौद्धांजवळ सर्वांना वाचता येईल असा एकच ग्रंथ नाही, ही उणीव त्यांनी १९५० मध्येच महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात दाखवली होती. तो ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला. तो परीक्षकांसाठी नव्हता. तो विहारात मोठ्याने वाचण्यासाठी होता, शेतावरून आलेल्या बाईला ऐकून समजावा म्हणून होता. काही विद्वानांनी तेव्हा नाके मुरडली. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी भाषांतर करताना त्यातले पाली आधार शोधून दिले. म्हणजे अभ्यास तिथे होताच. बाबासाहेबांनी तो वाचकाच्या वाटेतून बाजूला ठेवला होता.

आता त्या मुलीला काय सांगायचे?

तिला सांगा, की तुला इंग्रजी येते. प्रत्येक विभागाचे इंग्रजी वेगळे असते, आणि ते कोणीच जन्मतः शिकून येत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्यांना ते जेवणाच्या टेबलावर कळते. आपल्याला ते मुद्दाम शिकावे लागते, एवढाच फरक.

शिकायचे कसे? नवा विषय सुरू झाला, की त्या विषयातले तीन चांगले लेख निवडायचे आणि फक्त रीत पाहण्यासाठी वाचायचे. लेखक सुरुवात कशाने करतो? पुरावा म्हणून काय देतो, आकडा, कलम, जुना ग्रंथ की स्वतःचा अनुभव? 'मी' येतो का, आणि कुठे? खात्री नसेल तिथे कसे बोलतो? या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून मगच आपला निबंध सुरू करायचा. शेरे आले तर शिक्षकांच्या वेळेत जाऊन भेटायचे, विचारायचे. निबंध परत आला, तर १९२३ चा ऑगस्ट आठवायचा.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी काय करायचे? आपल्याला त्यांचा विषय कळत नसेल, तरी त्यांचा निबंध मोठ्याने वाचून घेऊ शकतो. कुठे समजले नाही ते सांगू शकतो. आपल्यापैकी जे परिचारिका आहेत, इंजिनिअर आहेत, हिशेबनीस आहेत, त्यांनी आपापल्या कामात अहवाल कसे लिहितात हे मुलांना दाखवावे. वंदनेनंतरचा अर्धा तास त्यासाठी ठेवू. तुम्ही या, मुलांना घेऊन या, परत आलेले निबंधही घेऊन या. लाजायचे काही कारण नाही.

बाबासाहेबांचा पुतळा आपण हातात पुस्तक घेतलेला पाहतो. त्या हातात पुष्कळ वर्षे पेनही होते, आणि जिथे जसे लागेल तसे ते चालवायला त्यांनी स्वतःला शिकवले होते. तो वारसा आपल्या मुलांच्या हाती जावो.

जय भीम. नमो बुद्धाय.